कप्तान अकराव्या नंबरवर

माझा फॉर्म गेला नव्हता, हे आधी स्पष्ट करतो. धावा होत नव्हत्या, एवढंच. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्यानं क्रिकेटवर बोलू नये. पण आमच्या खारशेत गावात ज्यांना तो कळत नाही तेच बोलतात. ज्यांना कळतो, म्हणजे मी, त्याला बोलू देत नाहीत.

गेली तेवीस वर्षं मी खारशेत संघाचा कप्तान आहे आणि तेवीस वर्षं सलामीला जातो. वय सत्तेचाळीस. वजनाचा इथे संबंध नाही. तर झालं असं, की आमचा उपकप्तान प्रितम, ज्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यामुळे ज्याचा फोन कधीच बंद नसतो, त्यानं एका सकाळी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे शेवटचे सहा डाव टाकले. चार, शून्य, दोन, चार, शून्य, एक. खाली लिहिलं, ‘कुणाच्या काही लक्षात येतंय का?’

दहा मिनिटं कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग कुणीतरी लिहिलं, ‘हा तर मुरुडचा पिनकोड!’

ग्रुपवर चौसष्ट माणसं आहेत. खेळतात अकरा. बाकीचे त्रेपन्न जण हसणारे चेहरे पाठवायला ठेवले असावेत. दुपारपर्यंत मी कचेरीत पोचलो तर शिपायानं विचारलं, “साहेब, टपाल आलंय का बघू?” आणि तोंड फिरवून हसला. मी मुरुडच्या एका सरकारी कचेरीत नोंदी दुरुस्त करायच्या टेबलावर बसतो. टेबलाला मान आहे. निदान त्या दिवसापर्यंत होता.

तालुक्याची ‘एक गाव एक संघ’ स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. खारशेतनं ती कधीच जिंकलेली नाही. मी ठरवलं, या तीन आठवड्यांत धावा परत आणायच्या. काम छोटं होतं. एकट्यानं, गाजावाजा न करता उरकण्यासारखं. पण आमच्याकडे माणूस गाजावाजा न करता शिंकूही शकत नाही. शेजारच्या पडवीतून ‘ओवा घे’ असा आवाज येतो.

पहिला सल्ला घरातूनच आला. सुचिता, म्हणजे आमची मंडळी, भाकरी थापता थापता म्हणाली, “डोळे तपासून घ्या.”

“डोळ्यांना काय झालंय?”

“गेल्या महिन्यात कॅलेंडर बघून एकादशीची संकष्टी सांगितलीत. चंद्र उगवायची वाट बघत उपाशी बसले होते मी.”

यावर वाद घालण्यासारखं बरंच होतं. कॅलेंडरची छपाई हल्ली बारीक असते. पण मी मोठ्या मनानं गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला अक्षरं वाचायला लावली, मग उसासा टाकला, आणि वर लांबचं, खाली जवळचं दिसेल असा एकसलग भिंगांचा चष्मा दिला. भिंग उत्तम होतं. मुरुडच्या बाजारातून बंदरावरच्या होड्यांची नावं वाचता येत होती. अडचण एकच होती. फलंदाज वाकून, हनुवटी छातीला टेकवून उभा राहतो, तेव्हा तो चष्म्याच्या वरच्या काठावरून बघतो. तिथे भिंग नसतंच. त्यामुळे गोलंदाज पळत येताना मला पाऊस लागलेल्या काचेपलीकडच्या एसटीसारखा दिसे. मान वर केली की स्वच्छ. म्हणून मी हनुवटी उचलून, आकाशाकडे झेंडावंदनाला उभा राहिल्यासारखा स्टान्स घेऊ लागलो.

“दादा, भाषण आहे का?” प्रितमनं सरावाला विचारलं.

त्याच चेंडूवर त्रिफळा उडाल्यामुळे उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही.

मग सराव मी घराच्या मागच्या दारी हलवला. नारळाच्या झावळीला दोरी बांधली, दोरीला जुना मोजा, मोज्यात चेंडू. मागे स्टंप म्हणून प्लास्टिकची खुर्ची. अत्यंत शास्त्रीय व्यवस्था होती. दोन दिवस मी त्या चेंडूला असा काही मारला, की मोज्यानं शेवटी जीव सोडला, आणि चेंडू कुंपणावरून थेट येसूबाईंच्या अंगणात, चटईवर वाळत घातलेल्या सुकटीत जाऊन पडला. सुकट चारी दिशांना. कोंबड्यांना दिवाळी.

येसूबाई आमच्या शेजारीण. वय सत्तरच्या पुढे, आवाज विशीतला.

“रावजी! ही सुकट हाय माजी, ग्राउंड न्हाय तुजं!”

मी माफी मागितली आणि चेंडू मागितला. त्या चेंडू घेऊन कुंपणाच्या फटीतून आत आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “दे म्हनतोस, मंग घे की. हुबा ऱ्हा.”

मी हसलो. वडीलधाऱ्यांचं मन राखावं म्हणून उभा राहिलो, हनुवटी वर. येसूबाईंनी हात खालून फिरवला. चेंडू एकदा टप्पा पडला, एका पोफळीच्या मुळीला लागून वळला आणि माझ्या बॅटखालून जाऊन खुर्चीच्या पायावर आदळला.

आता, आमच्या मागच्या दारी मुळ्या आहेत. मुळी असलेल्या खेळपट्टीवर जगातला कुठलाही फलंदाज गेला असता. हे मी जमलेल्या नऊ माणसांना समजावून सांगितलं. ती नऊ माणसं कुठून जमली हे मला अजून कळलेलं नाही. त्यातल्या एकानं व्हिडिओ काढला होता, तो संध्याकाळी ग्रुपवर फिरला. येसूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बारकाईनं निदान केलं.

“आरं, फोटो काढाया हुबा ऱ्हाल्यावानी बॅट वर धरतोस. हात खाली ठेव. बॉल काय एश्टी हाय व्हय, येल का न्हाय म्हनून आदीच घाई कराया? येतोय तो तुज्याकडंच.”

ज्या बाईनं आयुष्यात बॅट हातात धरली नाही, तिचं फलंदाजीवरचं मत मी किती मनावर घ्यायचं? मी चेंडू घेतला, नम्रपणे मान हलवली, आणि तो सल्ला त्याच जागी सोडून दिला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

ग्रुपवर कुजबुज वाढली. सलामीला स्वराजला पाठवा, असं काही जण मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात बोलू लागले. स्वराज तेवीस वर्षांचा, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला, शनिवारी गावी येतो आणि रविवारी लोकांचे चेंडू खाडीत पाठवतो. गुणी मुलगा. मला काका म्हणतो. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती कुजबुजीची. म्हणून मी रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर संघाला बोलावलं आणि जाहीर केलं, “सलामीला कोण, यावर गुप्त मतदान घेऊ. लोकशाही आहे.”

मला निकाल माहीत होता. तेवीस वर्षं ज्यानं नाणेफेक केली, पाण्याचे जार भरले, पंचांशी भांडला, त्याच्या तोंडावर त्याला कोण पाडेल? समारंभ उरकायचा होता, बस. आणि समारंभाला शोभेल असा दिलदारपणा म्हणून मी माझ्या चिठ्ठीवर स्वराजचं नाव लिहिलं. कप्तानानं स्वतःला मत देणं बरं दिसत नाही. दहाला एकानं निवडून आल्यावर हे मत आपलंच होतं असं सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या, असा माझा बेत होता.

प्रितमनं चिठ्ठ्या मोजल्या. तो थांबला, पुन्हा मोजल्या.

“स्वराज, दहा. रावजीदादा, एक.”

निकाल तंतोतंत माझ्या हिशेबाप्रमाणे होता. नावं तेवढी उलटी पडली होती.

सगळे माझ्याकडे त्या नजरेनं बघू लागले, ज्या नजरेनं स्वतःलाच मत देणाऱ्या माणसाकडे बघतात. आणि मला बोलताही येईना. ‘ते मत माझं नाही’ असं सांगितलं तर मी स्वराजला मत दिलं हे कबूल करायला लागतं, म्हणजे मीच मला पाडलं. नाही सांगितलं तर मी स्वतःची लाल करणारा. एवढ्यात प्रितमनं ती एकुलती एक चिठ्ठी उलटी करून दाखवली. तिच्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत, कंटेनरवर नंबर रंगवतात तशी ठोकळेबाज अक्षरं होती. स्वराज कानापर्यंत लाल झाला.

“अरे, तू का दिलंस मला?” मी विचारलं.

“काका, मला वाटलं, तुमचं एक आणि माझं एक, दोन तरी होतील. एकदम एकच पडलं तर बेक्कार वाटतं ना.”

चांगल्या मनाची माणसं माणसाला कुठे नेऊन ठेवतात बघा.

मी निकाल स्वीकारला. पुढचा प्रश्न होता, कप्तान खेळणार कुठे. तिसऱ्या नंबरवाल्यानं सांगितलं, त्याला तिसऱ्याची सवय आहे. चौथ्याचे वडील म्हणाले, त्याला खाली ढकललं तर तो जेवत नाही. सहावा स्वतः प्रितम होता, आणि सहावा नंबर म्हणजे संघाचा कणा असतो, असं त्यानंच आम्हाला सांगितलं. असा प्रत्येक जण आपापल्या नंबरला बिलगून बसला. शेवटी प्रितम म्हणाला, “दादा, तुम्ही सावकाश ठरवा. मी फॉर्म भरतो, तुमची जागा तेवढी रिकामी ठेवतो.”

त्यानं ती खरोखरच रिकामी ठेवली. आणि फॉर्म तसाच देऊन टाकला.

स्पर्धेचे सचिव म्हणजे आगरदांड्याचे दादू मास्तर. निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला मुख्याध्यापक गेलेला नाही. मला बोलावणं आलं. मास्तरांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि लाल पेनानं रिकाम्या ओळीवर गोल केला.

“नियम चौदा. फलंदाजीच्या क्रमात ज्याचं नाव नाही, तो फलंदाजी करू शकत नाही. कप्तानाच्या रकान्यात तुझं नाव आहे. म्हणजे तू नाणं उडव, क्षेत्ररक्षण कर. बॅट धरायची नाही.”

“मास्तर, ही लेखनिकाची चूक आहे. आत्ता लिहितो.”

“दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागेल.”

“मग करतो ना.”

“दोन प्रतींत,” मास्तर म्हणाले. “सोबत ओळखपत्राची सत्यप्रत.”

हे शब्द ओळखीचे वाटले. कुठे ऐकलेत ते लगेच आठवेना. दुसऱ्या दिवशी दोन प्रती घेऊन मोटरसायकलवरून आगरदांड्याला गेलो, तर मास्तर म्हणाले, “फोटो कुठाय?” तिसऱ्या दिवशी फोटो नेला, तर मास्तर जेवत होते. खिडकीतून मला दिसत होते, मीही त्यांना दिसत होतो. तरी आतून आवाज आला, “जेवणाची सुट्टी आहे, नंतर या.” मी पाऊण तास जेट्टीवर बसून दिघीला जाणारी फेरीबोट बघत राहिलो. परत आलो तर मास्तर झोपले होते.

चौथ्या दिवशी त्यांनी अर्ज हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “गेल्या वर्षी माझ्या नातीचा जन्मदाखला काढला. नाव मानसी. दाखल्यावर आलं माणसी. तुमच्या टेबलावर दुरुस्तीला आलो होतो.”

मी टेबलावरची दुसरी प्रत सरळ करू लागलो.

“किती वेळा आलो होतो, आठवतं?”

“मास्तर…”

“चार वेळा. आणि चौथ्या वेळी तू म्हणालास, ‘आजोबा, नियम नियम असतो.’” मास्तरांनी शिक्का उचलला आणि ठक्कन मारला. “मंजूर. पण नवीन नोंद यादीच्या शेवटी येईल. रिकाम्या ओळीखालच्यांनी एकेक जागा वर सरकायचं.”

अशा तऱ्हेनं सलामीचा फलंदाज रावजी अकराव्या क्रमांकावर आला. मी खचलो असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, अजिबात नाही. अकरावा येतो तेव्हा बाकीचे सगळे नापास झालेले असतात. असा नंबर कप्तानालाच शोभतो. हे मी सुचिताला सांगितलं. ती म्हणाली, “चपला तरी त्या फाटक्या नेऊ नका.”

स्पर्धा शनिवार-रविवार, भात कापून झालेल्या शेतात. आठ षटकांचे सामने. पहिल्या सामन्यात स्वराजनं एकट्यानं पन्नास केल्या. माझी पाळी आली नाही. दुसऱ्यात आली नाही. उपांत्य फेरीतही नाही. तीन सामन्यांत मी एकदाही बाद झालो नाही, ही गोष्ट कुणाच्याच नजरेत भरली नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. कप्तानी मात्र जोरात केली. प्रितमला मिडऑनला हलवून मी जो झेल घडवून आणला, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

अंतिम सामना तळेशेतशी. त्यांनी एकसष्ट केल्या. आमची सुरुवात झकास, मग तळेशेतच्या एका डावऱ्या पोरानं एकामागून एक आमचे कणे मोडले. सहाव्या नंबरचा कणा पहिल्याच चेंडूवर. एका टोकाला स्वराज उभा, दुसऱ्या टोकाला ये-जा. शेवटच्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर नववा गेला. चार धावा हव्या, तीन चेंडू शिल्लक. लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, “आणि आता मैदानात येत आहेत…” आणि थांबला. बहुधा यादी उलटून बघत होता.

मी मैदानात गेलो. आमच्याच तंबूतून आवाज आला, “दादा, एक द्या फक्त!” दुसरा, “मारू नका हो!” माणसाला त्याचीच माणसं असं ओरडून सांगतात तेव्हा त्याला काय करावंसं वाटतं? मला षटकार मारावासा वाटला. समोर जागा मोकळी होती. लेग साइडला सीमारेषा जवळ. तेवीस वर्षांची उत्तरं एका फटक्यात देता येणार होती.

हनुवटी उचलली. बॅट उचलली. डावरा धावत आला. मी असा काही फिरलो, की चष्मा नाकावरून कानावर आला आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात. यष्ट्यांपासून दोन बोटं लांबून गेला असं नंतर सांगतात.

चार हव्या, दोन चेंडू. स्वराज खेळपट्टीच्या मध्यावर आला. हा पोरगा मला काहीही बोलू शकला असता. तो इतकंच म्हणाला, “काका, कुठं पण लागू दे. मी पळतोय.”

तो घामेजला होता. त्याच्या हाताला फोड आला होता, बॅटच्या मुठीवर रक्त लागलं होतं. शनिवारी पहाटे तीनला ड्युटी संपवून थेट आलेला, तेव्हापासून खेळत होता. आणि हे सगळं मी तोवर बघितलंच नव्हतं, कारण मी सीमारेषा बघत होतो. मला एकदम लाज वाटली. चष्मा काढून पंचांच्या हातात दिला, वाकलो, आणि बॅट जमिनीला टेकवून ठेवली. उचललीच नाही.

चेंडू सुटला. चष्म्याविना तो धुरकट, पण चांगला पपनसाएवढा दिसला. तो येईपर्यंत थांबलो. बॅटला लागला, पायाशी पडला, आणि स्वराजचं ‘पळा’ कानात शिरायच्या आधी मी निम्म्यावर होतो.

एक.

तीन हव्या, एक चेंडू. आता स्वराज समोर. त्यानं गोलंदाजाच्या डोक्यावरून उंच मारला. चौकार वाटला होता, पण चेंडू शेताच्या बांधाला लागून अडला. पहिली धाव झाली. दुसरी पळताना माझ्या छातीत भात्यासारखा आवाज येऊ लागला. दोन झाल्या, बरोबरी झाली. मी थांबलो असतो, सगळ्यांना वाटत होतं मी थांबणार. तळेशेतच्या क्षेत्ररक्षकालाही तेच वाटलं असावं, कारण तो चेंडू उचलून क्षणभर उभा राहिला. स्वराज माझ्याकडे बघत होता. हाक मारत नव्हता. नुसता बघत होता.

“चल!” मी ओरडलो, आणि तिसरीला निघालो.

मग माणसं काय काय ओरडली ते मला ऐकू आलं नाही. मागून चेंडू निघाला तो सरळ यष्ट्यांकडे, म्हणजे सरळ माझ्या मागोमाग. यष्टिरक्षक हात पसरून उभा. तीन पावलं राहिली असताना पाठीच्या बरोबर मधोमध असा दणका बसला, की मी पुढच्या पुढे उताणा नव्हे, पालथा, अख्खा लांबच्या लांब जाऊन पडलो. तोंडात भाताचा सड गेला. बॅट कुठल्या कुठे. पण मी सबंधच्या सबंध रेषेच्या पलीकडे होतो. एवढा माणूस पडल्यावर काही तरी रेषेपलीकडे जाणारच.

तळेशेतवाले अडथळा आणला म्हणून भांडायला धावले. दादू मास्तर आत आले. त्यांनी मला बघितलं, चेंडू बघितला, माझी पाठ बघितली.

“त्याला पाठीमागे डोळे नाहीत,” मास्तर म्हणाले. “पुढचेही पंचांकडे आहेत. धाव मान्य.”

स्वराजनं मला उचललं. म्हणजे प्रयत्न केला. मग सहा जणांनी उचललं.

घरी आलो तेव्हा गावात टेंपो फिरत होता आणि सगळे नाचत होते. मी खाटेवर पालथा पडलो होतो. सुचिता गरम मिठाच्या पुरचुंडीनं पाठ शेकत होती. चेंडूची शिवण पाठीवर उमटली होती म्हणे.

“किती केल्या?” तिनं विचारलं.

“एक.”

“एवढ्या आठवड्यांच्या खटपटीनंतर एकच?”

“नाबाद,” मी म्हणालो.

तिनं पुरचुंडी जरा जोरात दाबली.